सूर्यास्तापर्यंतची लेन्स

४ नोव्हेंबर, सोमवार

मयंक काल रात्रीच्या गाडीने पुण्याला गेला आणि कॅमेरा इथेच टाकून गेला. धाकटा आहे. वस्तू टाकून जाण्याची त्याची परंपरा आहे. याआधी गिटार, डंबेल्स आणि योगासनाची चटई झाली. मोठा मुलगा पियूष त्या खोलीला मयंकचं संग्रहालय म्हणतो. पण कॅमेरा चांगला आहे. मी त्याची पुस्तिका वाचली. घरात पुस्तिका वाचणारी मी एकटी. मिक्सर, इन्व्हर्टर, आटाचक्की, सगळ्यांच्या पुस्तिका मी वाचल्या आहेत, म्हणून ती यंत्रं अजून चालतात.

"आता या वयात फोटो काढनार का तू?" ह्यांनी विचारलं.

"तुमी या वयात मोबाइलवर पत्ते खेळून राह्यले, मी काही बोलली का?"

ह्यांनी मोबाइल पालथा ठेवला.

दिवाळीपासून दुकानाचं मी सगळं सुनेच्या, रिंकूच्या हाती दिलं आहे. शिरपुरात मंदिराच्या रस्त्यावर आमचं कापडाचं दुकान, वर घर. यात्रेकरूंना पूजेची धोतरं आणि त्यांच्या बायकांना साड्या विकण्यात माझी तीस वर्षं गेली. आता सकाळ मोकळी. बासष्ट वर्षांच्या बाईने मोकळ्या सकाळी भजन करावं, असं महिला मंडळाचं मत आहे. भजनाला माझी ना नाही. पण तिथे हार्मोनियम एका गावाला जाते आणि बायका दुसऱ्या.

६ नोव्हेंबर, बुधवार

गावाबाहेरच्या तुरीत रोही येतात. शहरातले लोक त्यांना नीलगाय म्हणतात. ती गायही नाही आणि निळीही फारशी नाही. सकाळी जाऊन एका मोठ्या नराचा फोटो काढला. घरी येऊन ह्यांना दाखवला, तर ह्यांना फोटोत रोही सापडेना. शेवटी मी बोट ठेवलं.

"हा होय? मले वाटलं काचेवर माशी बसली."

म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली लेन्स वाढदिवसाच्या केकसाठी आहे. लांबचं जवळ आणणारी, टेली झूम म्हणतात ती, घ्यावी लागेल.

नात जिनल शेजारी बसून चपाती खात होती. अकरावीत आहे, शाळेकडून खो-खो खेळते. "आजी, रोह्याचे काय काढते? तो तर उभाच राह्यते. आमचे काढून दाखव."

पियूष खाली दुकानात निघाला होता. तो दारातच थांबला. "काढून घे लवकर. हे वर्ष शेवटचं. जूनपासून अकोल्याले होस्टेल आन् डॉक्टरकीचा क्लास. खो-खो बंद."

"आन् आमी जिल्हा जिंकलो तर?" जिनल म्हणाली.

"तर पेढे वाटू. मंग बंद."

त्याचं म्हणणं, पोरगी अंधार पडल्यावर घरी येते. आम्ही जैन, आमच्याकडे सूर्यास्ताआधी जेवण होतं. सूर्य बुडाल्यावर अन्न नाही आणि पाणीही नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळीच. याला चौविहार म्हणतात. मी लहानपणापासून पाळते, आणि सूर्यास्ताआधी मी जेवले नाही असा दिवस मला आठवत नाही, उपवास सोडून. जिनल सरावाहून उशिरा येते आणि उपाशी झोपते. पियूष स्वतः दुकान बंद करून रात्री दहाला जेवतो, पण मुलीच्या चौविहाराबद्दल त्याचं मत पक्कं आहे. शिवाय तिचे गुडघे किसलेल्या दोडक्यासारखे झालेत हेही खरं. त्याने तिचा एकही सामना पाहिलेला नाही. गुडघे मात्र पाहिलेत.

मी यात पडले नाही. खो-खोशी मला कर्तव्य नाही. मला लेन्स निवडायची आहे.

९ नोव्हेंबर, शनिवार

वाशिमला गेले. किसनसिंगचा स्टुडिओ आहे. तो लग्नाचे फोटो काढतो, लेन्सा विकतो आणि भाड्यानेही देतो. अंगावर इतके खिसे असलेलं जाकीट आहे की त्यात एक किराणा दुकान मावेल.

"काकू, माह्या फोटोवर किती लग्नं जमली याचा हिशेब नाई."

"टिकली किती?"

"ते फोटोग्राफरच्या हातात नसते."

त्याने टेबलावर तीन लेन्सा मांडल्या. पहिली शेवग्याच्या शेंगेसारखी, स्वस्त आणि हलकी. तिला हात लावताच किसनसिंगने अशी मान हलवली, की मी जणू कटपीस मागितला. दुसरी दीडशे ते सहाशे मिलिमीटर, आकडा मोठा तितकं लांबचं जवळ. पाटा-वरवंट्यातल्या वरवंट्याएवढी, आणि झूम केली की आणखी लांब होते. तिसरी सत्तर ते दोनशे. लांबी बेताची, पण तोंड रुंद. तिची किंमत ऐकून मी तिला परत टेबलावर ठेवलं, दोन्ही हातांनी.

"हिचं तोंड पाहा ना काकू! रात्रीच्या वरातीत घोड्याची पापणी मोजून घ्या."

"मी वरातीत जात नाही. आणि घोड्याच्या पापण्यांशी माझं काही काम नाही."

"मंग एक काम करा. दिवेलागणीले या. तिन्ही लावून पाहू. तवाच फरक समजते."

"दिवेलागणीला माझं जेवण होऊन आवराआवर झालेली असते."

"मंग लाइटचं कसं समजन?"

"दुपारी या म्हणावं लाइटला. भरपूर असते."

तो पुन्हा रुंद तोंडावर आला. मी तीस वर्षं साड्या विकल्या आहेत. गिऱ्हाईक उठायला लागलं की भारीतली पुन्हा उलगडायची, हे मला कोणी शिकवायला नको. त्याच्या बोलण्यातलं निम्मं मी तिथेच सोडून आले.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

मयंकचा फोन. कॅमेरा इथे सोडला, पण ज्ञान तो सोबत घेऊन गेला होता, ते आज पाठवलं. लेन्सच्या तोंडाला अ‍ॅपर्चर म्हणतात. आकडा जितका लहान तितकं तोंड मोठं आणि उजेड जास्त. २.८ म्हणजे मोठं, ६.३ म्हणजे बारीक. असा उलटा कारभार कोणी ठरवला कोण जाणे, पण त्याला नक्की सरकारी नोकरी असणार.

"सहाशेवर तुझ्या वरवंट्याचं तोंड ६.३ होतं, आई. अंधारात काही येणार नाही."

"अंधारात मी घरात असते."

"तू प्राण्यांसाठी घेतेस की खेळासाठी?"

"दोन्हींसाठी."

"मग दोन लेन्सा लागतील."

"एका घरात दोन लेन्सा म्हणजे दोन सुना. त्याआधी दुसरी सून आणायची का, बोल."

त्याला लगेच ऑफिसचा दुसरा फोन आला. लग्नाचा विषय निघाला की त्याचं ऑफिस नेहमी जागं होतं.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल मतदान होतं. शाळेत केंद्र असल्यामुळे मैदान बंद, सराव बंद, जिनल घरात वाघिणीसारखी फेऱ्या मारत होती. आज मैदान झाडून व्हायचं होतं. तोवर मी आधी रोही उरकून घेतला.

किसनसिंगकडून वरवंटा भाड्याने आणला होता. ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून जऊळक्याच्या रस्त्याला गेले. रुळांच्या बाजूला तुरीत तोच मोठा नर उभा होता. लेन्स इतकी जड की हात थरथरतो. मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, अजून घेतलेला नाही. मी ह्यांना समोर उभं केलं आणि लेन्स ह्यांच्या खांद्यावर टेकवली.

"हलू नका."

"श्वास घेऊ का?"

"फोटो झाल्यावर."

फोटो आला. रोह्याच्या डोळ्यात आमची स्कूटर दिसते. असा फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. हे म्हणाले, "मले बी पाहू दे", आणि बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "माझ्यावानीच दिसते. थकेल." साम्य होतं.

२४ नोव्हेंबर, रविवार

खेळाची परीक्षा. दोन लेन्सा आणल्या, वरवंटा आणि रुंद तोंडाची. शाळेच्या खेळाच्या मॅडम पंचफुला इंगळे यांना मी कालच सांगून ठेवलं होतं, की पोरी दुपारी बाराला मैदानावर हव्यात. मॅडम मोठ्या आवाजाच्या आहेत. शिट्टी त्या केवळ शोभेसाठी घालतात.

"काकू, सामने संध्याकाळले होतात. दुपारी तं कुत्रं बी धावत नाई."

"या तर धावताहेत."

"तुमी बोलावलं म्हनून धावून राह्यल्या. तुमच्या धाकानं."

कारण काही असो, धावल्या. खो-खोत एका संघाच्या पोरी रांगेत एकीआड एक पाठमोऱ्या बसतात, त्यांच्यातली एक पळणाऱ्यांना धरते, आणि दमली की बसलेलीला खो देऊन स्वतः बसते. रांगेच्या दोन्ही टोकांना खांब. जिनलचं काम खांबापाशी. ती खांबाला एका हाताने धरून अंग झोकून देते आणि पलीकडून जाणाऱ्या पोरीला बोटांच्या टोकाने बाद करते. तेव्हा ती जमिनीला समांतर असते. पाहताना मी दोनदा बटण दाबायचं विसरले, पण ते लेन्सच्या वजनामुळे असावं.

दोन्ही लेन्सांचे फोटो लखलखीत. धुळीचे कण मोजावेत इतके. रुंद तोंडाच्या लेन्सने काडीचाही फरक दाखवला नाही, आणि लांबचा रोही तर तिच्या आवाक्यातच नाही. म्हणजे किसनसिंग तीच भारीतली साडी पुन्हा उलगडत होता.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

वरवंटा घेतला. माझ्या स्वतःच्या पैशाने. किसनसिंग शेवटपर्यंत म्हणत होता, "काकू, एक वेळ संध्याकाळी..." मी म्हटलं, "बिल फाड."

१ डिसेंबर, रविवार

लेन्सच्या पिशवीला चामड्याची पट्टी निघाली. घरात चामडं! ह्यांच्या कमरेचा पट्टासुद्धा कापडी आहे. ती कात्रीने कापून टाकली आणि तिथे पूजेच्या धोतराचा काठ शिवला. आता पिशवी माझ्यापेक्षा धार्मिक दिसते.

महिला मंडळाने सामूहिक फोटो काढून मागितला. लांबच्या लेन्सने माणूस बारीक येतो का, असं तिघींनी वेगवेगळं येऊन विचारलं. मी म्हटलं, त्यासाठी मला जऊळक्याला उभं राहून काढावा लागेल.

८ डिसेंबर, रविवार

पुढच्या शनिवारी, चौदाला, मेडशीच्या शाळेच्या मैदानावर जिल्ह्याचे सामने आहेत. पोरी तालुका जिंकून आल्या आहेत. जिनल सकाळपासून काही खात नाही, कारण पियूषने आज दुकानात सगळ्यांसमोर जाहीर केलं, की सोमवारी सोळाला तो अकोल्याला जाऊन होस्टेलची जागा पक्की करणार.

"सामने होऊ दे ना आधी," रिंकू म्हणाली.

"सामन्याचा आन् जागेचा काय संबंध? जिंकल्या काय, हारल्या काय, जागा तं लागनच."

जिनल उठून वर घरात गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मला बरं वाटलं असतं, का ते कळलं नाही.

मी पियूषला सहज विचारलं, "तू तिले खेळताना पाह्यलं का कधी?"

"पाहून काय करू, आई? शनवारी यात्रेकरू किती असतात तुले माहीत नाई का?"

हे काउंटरमागे बसून लांबकापडाचा तागा मोजत होते. मोजून झाला. मग तोच तागा पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागले. ह्यांचं हल्ली असंच होतं.

१४ डिसेंबर, शनिवार

आले. उपाशी आहे. पाणीही नाही. उद्या लिहीन.

१५ डिसेंबर, रविवार

सकाळी पाणी, मग मुगाचं धिरडं, मग आणखी दोन. आता लिहिते.

काल सकाळच्या एसटीने मेडशीला पोहोचले. डबा घेतला होता. रिंकूने तो माझ्यासमोर भरला, पिशवीची गाठ ह्यांनी स्वतःच्या हाताने बांधली. मी ह्यांना सांगितलं, संध्याकाळचा सामना उशिरापर्यंत चालेल, मी डबा तिथेच सूर्यास्ताआधी खाईन, काळजी करू नका. ह्यांनी मान हलवली.

सामने सकाळी सुरू व्हायचे होते. पाहुणे उशिरा आले. आल्यावर त्यांनी क्रीडेचं महत्त्व सांगितलं, आणि ते इतका वेळ सांगितलं की क्रीडेला जागा उरली नाही. उन्हात बसलेल्या पोरींचे चेहरे वांग्याच्या भरितासारखे झाले. आयोजकांची खिचडी आमच्या संघापर्यंत येता येता संपली. मी माझा डबा उघडला. नऊ पोरी आणि राखीव तीन. डबा घासायचंही काम उरलं नाही.

माझ्यासाठी स्टॉलवर आलूबोंडा होता आणि कांदाभजी. आलू जमिनीखालचा, कांदा जमिनीखालचा. आमच्यात दोन्ही चालत नाहीत, म्हणजे माझ्यासाठी स्टॉल बंदच होता. काही बिघडत नाही, म्हटलं. उपांत्य सामन्याचे फोटो दुपारच्या उन्हात सुंदर आले होते. जिनल खांबावर आडवी, केस हवेत, चेहऱ्यावर असा भाव की समोरची आपणहून बाद व्हावी. वरवंट्याने पैसे वसूल केले. आमच्या पोरी अंतिम फेरीत गेल्या.

अंतिम सामना सुरू झाला तेव्हा सूर्य शाळेच्या छपराला टेकायला आला होता. पहिला डाव मध्यावर आला आणि मैदानाच्या पलीकडून कोणीतरी धावत येताना दिसलं. हातात डबा. पियूष.

"आई! डबा! बाबा म्हनले तू डबा घरीच विसरली. गाडी कशी हाकलली मले माहीत. खाय पटकन, सूर्य चाल्ला."

"मी डबा विसरले नाही."

"मंग कोठी हाय?"

मी पोरींकडे बोट केलं. त्याने डबा उघडून माझ्यासमोर धरला. पोळी, भेंडी, आंब्याचं लोणचं. रिंकूने भरलेला. तेवढ्यात जिनलला खो मिळाला आणि ती खांबाकडे सुटली.

"सरक. फोटोत येऊन राह्यला."

"आई, पाच मिनिटं उरली. मंग सकाळपर्यंत पानी बी नाई. तुही गोळी रिकाम्या पोटी..."

"पियूष. सरक."

तो सरकला. जिनलने पोरगी बाद केली, लगेच दुसरीच्या मागे लागली. तिला हुलकावणी मिळाली, पुन्हा वळली. या सगळ्यात मी डोळा कॅमेऱ्यापासून काढू शकत नव्हते. लेन्सची परीक्षा होती. कमी उजेडातली परीक्षा मी घेतलीच नव्हती आणि ती आत्ताच घेणं भाग होतं. थांबण्याचं दुसरं काही कारण नव्हतं. मी डोळा काढला तेव्हा छपरावर नुसती लाली होती. डबा तसाच उघडा.

"गेला सूर्य," पियूष म्हणाला. असा म्हणाला जणू घरात काही घडलं आहे.

"पाह्यलं मी. झाकण लाव."

त्याने झाकण लावलं नाही.

त्यानंतर लेन्सने दगा दिला. मंडपवाल्याचे दोन हॅलोजन बांबूवर लावले होते. त्यांचा उजेड त्यांच्यापुरताच. वरवंटा पोरी शोधत आत-बाहेर होत राहिला, अंधारात चष्मा चाचपडावा तसा. शटर सावकाश उघडायचं आणि सावकाश मिटायचं, तोवर पोरगी दुसऱ्या खांबापाशी पोहोचलेली. आयएसओ नावाचा आकडा वाढवून पाहिला. त्याने उजेड येतो, पण फोटोवर रवा सांडल्यासारखं दिसतं. किसनसिंग, मयंक आणि पंचफुलाबाई, तिघांनी मला दिवेलागणीचं सांगितलं होतं. मी प्रत्येक परीक्षा लख्ख उन्हात घेतली, कारण दिवेलागणीला मी जेवलेली असते. उन्हात सगळ्याच लेन्सा हुशार असतात. हे मी इथे लिहिते आहे. त्या तिघांना सांगण्याची गरज नाही.

सामना बरोबरीत सुटला आणि अलाहिदा डाव द्यावा लागला. अलाहिदा डाव म्हणजे निकालासाठी जादा डाव. तो सुरू असताना माझ्या कानाशी कोणीतरी चावत असल्याचा आवाज आला. पियूष माझा डबा उभ्याने खात होता. डोळे मैदानात. भेंडी पडली, त्याला पत्ता नाही.

"खो दे! अवं खो दे ना तिले!" तो एकदम ओरडला. लोणच्याची फोड उडाली.

"तुले नियम माहीत हाय का?"

"दिसून राह्यलं ना आई! उजवीकडची मोकळी हाय!"

मग पंचाने जिनलला फाऊल दिला. माझ्या मुलाने, वाणिज्य पदवीधराने, दोरीपलीकडे जाऊन पंचाला विचारलं, की तुमच्या डोळ्यांत काय गेलं. पंचाने बाहेर काढायची धमकी दिली. पंचफुलाबाईंनी शिट्टी न वाजवता त्याला मागे ओढला. "भाऊ, माह्या पोट्टीले बाहेर बसवाल तुमी! गुपचूप राहा!" एवढ्या लोकांसमोर. मी ओळख दाखवली नाही.

एका गड्याने हरलो.

जिनल खांबापाशीच बसून राहिली. मला वाटलं, आता पियूष जाऊन तिला गुडघे दाखवायला सांगेल. तो गेला, तिच्यासमोर उकिडवा बसला, आणि हातवारे करून काहीतरी सांगायला लागला. मी जवळ गेले तेव्हा ऐकू आलं.

"...तू डावीकडून गेली तवा ती आधीच वळेल होती. पुढच्या वर्षी तिले आधी चकवजो, मंग खांब."

जिनल त्याच्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "पप्पा, ती पुढच्या वर्षी बारावीच्या पुढं जाते. ती नसन."

"मंग जे कोनी असन तिले."

पुढच्या वर्षीचं हा काय बोलत होता कोण जाणे. खाल्लेलं डोक्यात चढलं असावं.

घरी आलो तर हे ओट्यावर जागे. मी विचारलं, "मी डबा विसरले असं तुमी त्याले काहून सांगतलं? गाठ तुमीच बांधली ना?"

"बांधली का मी? असन बापा. आठवत नाई."

रिंकूचंही तेच. सकाळी एक डबा भरला आणि दुपारी दुसरा भरताना तिला पहिला आठवला नाही. एवढं बोलून दोघंही भिंतीकडे बघत होते. या घरात ब्राह्मीच्या गोळ्या आणायला हव्यात, मोठी बाटली.

१६ डिसेंबर, सोमवार

पियूष आज अकोल्याला जाणार होता. गेला नाही. गाडी पंक्चर आहे म्हणे. गाडी दारात उभी आहे, चारही चाकं फुगलेली. दुपारी दुकानात डोकावले, तर तो धोतरांच्या गठ्ठ्यांना खांब करून ह्यांना दाखवत होता की पंच कुठे चुकला. तीन यात्रेकरू उभे होते आणि त्यांनाही पंच चुकल्याचं पटलं होतं. एकाने धोतर घेतलं.

मी खोलीत बसून शनिवारचे फोटो निवडत होते. उन्हातले उत्तम. सूर्यास्तानंतरचे सगळे कामातून गेलेले. पोरींच्या जागी नुसते रंगीत फराटे. त्यातला एकच फोटो स्वच्छ आला आहे, आणि तो पियूषचा. जिनल मध्ये आली म्हणून बटण दाबलं, ती निघून गेली आणि मागे हा उभा होता. इतका गच्च उभा, की सावकाश शटरमध्येसुद्धा हललेला नाही. तोंड उघडं, पोळीचा हात हवेत. लेन्स उभ्या माणसाला चांगली आहे, असा निष्कर्ष मी काढला आणि फोटो पुसायला गेले, तर तो स्वतःच मागे येऊन उभा.

"हा कायले काढला?"

"काढला नाही. आला."

तो खुर्ची ओढून बसला. मला वाटलं, पोळीबद्दल काही बोलेल. त्याने स्वतःकडे पाहिलंच नाही. फोटोच्या पुढच्या भागात एक निळा फराटा होता, इकडून तिकडे गेलेला. त्यावर त्याने बोट ठेवलं.

"ही जिनल हाय?"

"हो."

"दिसून नाई राह्यली."

"कशी दिसन? ती थांबली कोठी?"

तो बराच वेळ त्या फराट्याकडे पाहत बसला. खाली दुकानातून ह्यांनी दोनदा हाक मारली, गिऱ्हाईक आहे म्हणून. मग तो उठला.

"मंग लेन्स बदल ना, आई," असं म्हणून खाली गेला.

आजकाल या घरात ज्याला त्याला लेन्समधलं कळायला लागलं आहे. किसनसिंगला फोन लावला. म्हटलं, ती रुंद तोंडाची काढून ठेव, मी बघायला येते. कधी येता, त्याने विचारलं. म्हटलं, दिवेलागणीला. जेवून निघेन.

पलीकडे त्याने फोन तोंडापासून लांब धरला. मला वाटतं तो हसत होता. भाव मात्र मी त्या दुपारचाच लावणार, तिच्यात काही फरक दिसला नव्हता तेव्हाचा.